आवाज न जाणारा माइक

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी रेडिओ बसवायला माझ्याकडेच येतात, कारण हार्पर क्रीकच्या चाळीस मैलांत हे काम धड करणारं दुसरं कुणी नाही. आमच्या गॅरेजचा अर्धा भाग म्हणजे माझं दुकान. त्या सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात ज्याला त्याला पिकअपमध्ये माइकवर बोलायचा रेडिओ हवा होता. घरच्या घरी बसवायचे, रंगावरच अर्थिंगचा स्क्रू पिळायचे आणि मग माझ्याकडे येऊन म्हणायचे, ओपल, रेडिओ खराब निघाला. अरे बाबांनो, रंग खरवडा, उघडा पत्रा लागू द्या. शंभरदा सांगून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी होते.

हौशी लोकांना रेडिओ गप्पा मारायला लागतो. आमच्याकडे तो जिवाला लागतो. गावामागून डोंगरात चौदा मैल कच्चा रस्ता जातो. तो एकपदरी आहे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. वरून ओंडक्यांनी भरलेले ट्रक उतरतात, आणि भरलेला ट्रक उतारावर थांबत नाही, थांबूच शकत नाही. म्हणून दर मैलाला झाडावर आकड्याची पाटी ठोकलेली आहे, आणि पाटी आली की रेडिओवर सांगायचं. ‘भरलेला, अकरा’ म्हणजे अकराव्या मैलावरून ट्रक खाली येतोय. ‘रिकामा, चार’ म्हणजे चौथ्यावरून वर चाललाय. ‘पिकअप, सहा, वर’. चढणाऱ्याने ऐकायचं, हिशेब करायचा आणि वेळेत बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी घालायची.

या रस्त्याचा एक नियम फार कडक. आपले मैल आपणच सांगायचे, दुसऱ्याचे मैल कुणी सांगायचे नाहीत. ‘तो पाचवर असेल’ असं कुणीतरी अंदाजाने बोलला आणि त्यात माणूस गेला, असं एकदा झालेलं आहे. तेव्हापासून रस्त्याचा साहेब क्लिफर्ड हॅस्क याने सगळ्यांना बजावून ठेवलंय की ज्याला स्वतः सांगता येत नाही त्याने वर यायचं नाही.

आता आमचे बाबा. थर्मन त्यांचं नाव, पण रेडिओवर त्यांना कुणी थर्मन म्हटलं नाही. तिथे ते ‘भोंगा’. एकतीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावर ट्रक चालवला, आणि आवाज असा की ग्रोव्हरकाका म्हणायचे, याला रेडिओ कशाला हवा, खिडकी उघडली तरी खाली लाकडाच्या गिरणीत ऐकू जातं. ग्रोव्हरकाका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. पासष्टीला आले तरी अजून ट्रक चालवतात, आणि सकाळ-संध्याकाळ बाटलीभर ताक पितात म्हणून रेडिओवर त्यांचं नाव ‘ताक’.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी बाबांचा गळा कापला. गाठ होती. जीव वाचला आणि आवाज गेला, अगदी कुजबुजण्याइतकासुद्धा राहिला नाही. गळ्याच्या भोकावर रुमाल बांधून माझा बाप घरभर फिरायचा, खिशात वही आणि सुताराची जाड पेन्सिल. पहिल्या महिन्यात लोक भेटायला आले. मग येईनासे झाले. ज्याच्याशी बोलायचं तो खाली मान घालून लिहीत बसलेला, आणि समोरच्याने टोपी हातात फिरवत वाट बघायची. लोकांना ते जमत नाही. मला तरी कुठे जमत होतं.

जुलैत मी त्यांच्या हिरव्या पिकअपमध्ये रेडिओ बसवला. मनात म्हटलं, बोलता येत नाही तर निदान दोस्तांचं ऐकतील तरी. टपाला भोक पाडताना त्यांनी असं तोंड केलं जसं काही मी त्यांच्याच डोक्यात ड्रिल घालतेय. बॅटरीवरून वायर आत घेतली, फ्यूज घातला, पत्रा खरवडून अर्थिंग दिलं, अँटेना कापून कापून मीटरची सुई जागेवर आणली. बाबा शेजारी उभे राहून एकेक स्क्रू माझ्या हातात देत होते. सुरू केला तर पहिलाच आवाज ग्रोव्हरकाकांचा, ‘भरलेला, तीन’. बाबांचे डोळे भरले. मग त्यांनी डॅशबोर्डखालचा रिकामा हुक बघितला, वही काढली आणि लिहिलं, ‘माइक?’

माइक मी मुद्दामच लावला नव्हता. माइक दिला की आवाज नसतानाही हे वर जाणार, हे मला ठाऊक होतं. नवव्या मैलावर हकलबेरीच्या झुडपांचं रान आहे. दर ऑगस्टला आई आणि ते तिथे जायचे, डबे भरून जांभळ्या बोटांनी परत यायचे. आई गेली त्यानंतरही ते एकटे जात राहिले. या वर्षी जाता येणार नाही हे त्यांनी एकदाही मान्य केलेलं नव्हतं. हे सगळं नीट समजावून सांगता आलं असतं. मी काय म्हणाले?

“माइक कशाला, बाबा? बोलणार कोण?”

शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच लाज वाटली. बाबांनी वही मिटली, पेन्सिल खिशात ठेवली, घरात गेले. दोन दिवस त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. माफी मागावी तर ते मला येत नाही. मी त्यांच्यासाठी मक्याचा पाव केला, तेवढीच माझी माफी.

आठवड्याने तक्रारी सुरू झाल्या. रेडिओवर कुणीतरी नुसतं बटण दाबतंय. बोलत नाही, फक्त टक, टक. तक्रार घेऊन आला डॅरिल. वसंतातच कामाला लागलेला नवा ड्रायव्हर, काम चोख, पण डोकं गरम. म्हणाला, तूच सगळ्यांचे रेडिओ बसवतेस, तूच शोध हा टकटक्या कोण ते, नाहीतर मी त्याचा माइक त्याच्या घशात घालीन. मी अकरा गाड्या तपासल्या. एकीतही दोष नाही.

मग एका दुपारी दुकानातल्या रेडिओवर ग्रोव्हरकाका म्हणाले, ‘भरलेला, सहा’, आणि लगेच टक टक. पुढे, ‘भरलेला, पाच’. टक टक. डॅरिल बोलला तेव्हा काही नाही. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकीतून बघितलं तर बाबा अंगणात पिकअपमध्ये बसलेले, हात डॅशबोर्डखाली.

मी तावातावाने बाहेर गेले. त्यांच्या हातात माझ्याच भंगाराच्या खोक्यातला माइक होता. त्याचं बटण चालायचं पण आवाज जायचा नाही, म्हणून मी तो टाकून दिला होता. बाबांना तो पुरेसा होता. मी हात पुढे केला, म्हटलं, द्या इकडे. तेवढ्यात रेडिओवर ग्रोव्हरकाकांचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीत.

“भोंग्या, तू आहेस का रे?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. टक टक.

मग ग्रोव्हरकाका म्हणाले, “पाच महिने मी तुझ्या घरी आलो नाही. मला जमलं नाही, दोस्ता. मारायचं तर मार.” बाबांनी एकदाच दाबलं, म्हणजे ‘नाही’. तिथपासून गिरणीपर्यंत ग्रोव्हरकाका एकटेच बडबडत राहिले, ताकाबद्दल, गुडघ्याबद्दल, आणि बाबा मधे मधे टक टक करत राहिले. मी हात मागे घेतला. माझ्याच्याने तो माइक काढून घेववला नाही.

डॅरिलला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणून राहिलं, आणि ही चूक माझीच.

ऑगस्टचा दुसरा मंगळवार. सकाळी मी एका पिकअपच्या डॅशबोर्डखाली उताणी पडून वायर ओढत होते. रेडिओ नेहमीसारखा चालू. टक. मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने टक, टक. मग आणखी थोड्या वेळाने तीन. मी ताडकन उठले, डोकं स्टिअरिंगवर आपटलं. अंगणात हिरवी पिकअप नव्हती. आईचा बेरीचा डबा खुंटीवरून गायब.

बाबा पाट्या मोजत वर चालले होते. जितके मैल, तितके टक.

ग्रोव्हरकाका त्या वेळी गिरणीत ओंडके उतरवत होते, ट्रकबाहेर. रस्त्यावर होता फक्त डॅरिल. ‘भरलेला, दहा,’ तो म्हणाला. चार टक आले. डॅरिलने शिवी हासडली, हा टकटक्या पुन्हा सुरू झाला म्हणाला. त्याला वाटलं खोडी आहे. तो उतारावर, पाठीवर पंचवीस टन, आणि त्याच्या हिशेबाने रस्ता मोकळा. बाबा ऐकत होते हे खरं, बाजूलाही घेतील. पण साडेपाच ते सातमध्ये गाडी घालायला एक जागा नाही, हे बाबांना एकतीस वर्षांपूर्वीपासून माहीत होतं तसं मलाही माहीत होतं. बाबा त्या पट्ट्यात सापडू नयेत म्हणून डॅरिलने जपून उतरायला हवं होतं, आणि त्याला समोर कुणी आहे हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्याचे मैल सांगायचे नाहीत. माझा हात दुकानातल्या माइकवर होता आणि नियम डोक्यात घण घालत होता. मी अंदाजाने बोलले आणि चुकले तर?

मग टक टक टक टक टक.

“पिकअप, पाच,” मी बोलले. “डॅरिल, हे टक खोडी नाही. माझे बाबा आहेत. त्यांना आवाज नाही, ते पाट्या मोजतायत. बाबा, वर चाललात ना? वर असाल तर दोनदा दाबा.”

टक टक.

“पिकअप, पाच, वर. बाबा, साडेपाचला बाजूला घ्या. घेतलीत की तीनदा.”

त्या मधल्या वेळात मी काय काय कबूल केलं देवाला, ते इथे सांगत नाही. डॅरिलचा आवाज आला, सगळा गरमपणा गेलेला. ‘भरलेला, आठ. हळू येतोय.’ मग ‘भरलेला, सात.’ आणि मग माझ्या बापाचे तीन टक आले, एकेक मोजून, सावकाश.

“पिकअप साडेपाचला, बाजूला,” मी म्हटलं आणि खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

दोन-तीन मिनिटांनी डॅरिल म्हणाला, हिरवी पिकअप, म्हातारा आत, टोपी उचलून सलाम ठोकतोय. मग म्हणाला, तुझ्या बापाला सांग, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तूच सांग, त्यांना ऐकू येतं. त्याने सांगितलं. टक टक.

पुढचे सगळे मैल मी सांगितले. सहा, सात, आठ, नऊ. दुपारी उतरताना परत नऊपासून खाली. एकही मैल मी स्वतःच्या मनाने बोलले नाही, टक आल्याशिवाय तोंड उघडलं नाही.

चारच्या सुमाराला क्लिफर्ड हॅस्क दुकानात आला. त्याने सगळं ऐकलं होतं. बाबा नुकतेच आले होते, बोटं जांभळी, डबा काउंटरवर. हॅस्क त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलला. नियम तुला ठाऊक आहे, ओपल. दुसऱ्याचे मैल सांगायचे नाहीत. माणूस मेला आहे त्याने.

दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं.

“मी नाही सांगितले,” मी म्हटलं. “त्यांनीच सांगितले. मी फक्त मोठ्याने वाचले.”

हॅस्कने बाबांकडे बघितलं, पहिल्यांदाच. बाबांनी डबा त्याच्याकडे सरकवला. त्याने मूठभर बेरी घेतल्या, एकेक करून खाल्ल्या, पँटला हात पुसले. म्हणाला, मी सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवतो. पण ओपल रेडिओपाशी बसलेली असेल तरच. ती नसेल तर थर्मन, तुझी पिकअप अंगणात. बाबांनी मान हलवली. हॅस्क जाताना आणखी एक मूठ घेऊन गेला.

तो गेल्यावर मी बाबांवर तोंड सोडणार होते. न सांगता गेलात, मरायचं होतं का, माझा काही विचार, सगळं तयार होतं जिभेवर. बाबांनी हात वर करून मला थांबवलं, वही काढली आणि पानं मागे उलटत गेले. बेरीच्या रसाचे ठसे पानापानावर. जुलैचं पान निघालं, त्यावर त्यांचं ‘माइक?’ एवढंच. त्याच्याखाली त्यांनी आता जाड पेन्सिलीने लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली.

‘बोलणार कोण, म्हणालीस. तू.’

मी रडले, त्यात लपवायचं काय. मग डोळे पुसले, दुकानातला एक चांगला माइक काढला आणि त्यांच्या पिकअपला लावायला निघाले. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि तो भंगारातलाच परत हुकला अडकवला.