खुर्चीचे चौदा तारे

चार स्टीलचे पाय. न खाल्लेली पोळी. जिन्यावर एकच बूट. "बैठ जाओ", सकाळपासून एकतीस वेळा. 'संयम' असं छापलेल्या सोनेरी ताऱ्यांचं पाकीट, त्यातले चौदा वापरलेले.

हे सगळं एका हिंदी शाळेतल्या दुसरीचं, आणि चौदाही तारे यशश्रीच्या खुर्चीचे. यशश्री घडीत खिडकीशी, घडीत फळ्याशी, घडीत बाकाखाली. खुर्ची मात्र जागची हलायची नाही. निवेदिता मॅडम न्यायी बाई. जो शांत बसेल त्याला तारा, म्हणजे तारा. रोज एक त्या खुर्चीच्या पाठीला चिकटवत. चौदा दिवसांत खुर्ची मॉनिटर झाली, पहिल्या रांगेत गेली.

"मॅडम, मैं कहाँ बैठूँ?"

"तुम बैठती कब हो?"

"बाबा, मी खुर्चीपेक्षा ढ आहे," यशश्रीनं घरी सांगितलं. आज भात केलाय, असं सांगावं तसं.

बाबांनी, म्हणजे संभाजीरावांनी, फक्त शाळेतून आलेली, खुर्चीच्या सत्काराची चिठ्ठी वाचली. त्यांच्या पणजोबांना दरबारात मानाची जागा होती. "आपल्या घराण्यात खुर्चीला मान असतोच!" म्हणत त्यांनी ट्रंकेतून पगडी काढली. कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी मुलीला एडीएचडी, म्हणजे एका जागी स्थिर न राहता येण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं होतं, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. सत्काराचं मात्र बारा पाहुण्यांना कळवलं.

सत्काराच्या दिवशी शाळेत खुर्चीला पगडी घातली. मुख्याध्यापक म्हणाले, "दो शब्द कहिए."

खुर्ची गप्प.

"वाह, क्या संयम है!" टाळ्या थांबेनात.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं पगडी घसरली. ती झेलायला यशश्री धावली, धक्का लागला आणि खुर्ची धाडकन आडवी.

"हिल गई!" मॅडम नखानं तारे खरवडू लागल्या.

यशश्रीनं खुर्चीला मिठी मारली. "उसकी गलती नहीं है! वो जानबूझके नहीं हिली!"

संभाजीराव उठले. पगडी उचलायला, असं पाहुण्यांना वाटलं. ते पगडी ओलांडून लेकीशेजारी फरशीवर बसले.

"मॅडम, इसकी भी नहीं है. एडीएचडी है इसे. मुझे मार्च से मालूम है."

"म्हणजे मी ढ नाही?"

"नाही गं राजा."

"आणि खुर्ची?"

संभाजीरावांनी आडवी खुर्ची उभी केली.

बालवाडीत असताना, एका गुरुवारी, यशश्री अंगणात सलग पावणेदोन तास मुंग्या बघत बसली होती. त्याचा तारा कुणी दिला नव्हता.