परातीतली आई

बुधवार पेठेत तळमजल्यावर कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळत आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हरवलेली माणसं दिसत. जलदर्शनबाबांची रांग जिना उतरून फुटपाथवर येई. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली पोरं ‘व्हिसा कधी होईल’ विचारायला उभी असत. त्यांच्या मागे हरवलेल्या पोरांच्या आया असत, परागंदा नवऱ्यांच्या बायका असत.

“माझा मालक सुरतेला हाय,” धायरीची मुक्ताई रांगेत सगळ्यांना सांगत होती. “बाबांच्या परातीत बघितला म्या. पाण्यात हलत होता. अंगात निळा शर्ट.”

“शर्टाचा रंग बाबांना आधी ठाऊक होता का?” रझियाबाईंनी विचारलं.

“ठाऊक कसा असंल? आठ दिवस आधी फोटो तेवढा दिलता साधनेला. त्यात त्योच शर्ट हाय की!”

“वा,” रझियाबाई म्हणाल्या. “म्हणजे सुरतेला जाऊनही शर्ट बदलला नाही त्यांनी.”

रझियाबाई कसब्यात राहणाऱ्या. उर्दू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. बाबा-बुवांच्या जिन्याला त्यांचा पाय कधी लागला नव्हता. आज त्या सुनेसाठी, तिच्यासोबत आल्या होत्या.

सून युसनी. मुलगा तन्वीर सॉफ्टवेअरच्या कामावर मलेशियात असताना तिला भेटला. ती मूळची सुमात्रा बेटावरच्या डोंगरातली, मिनांगकबाऊ लोकांच्या एका खेड्यातली. रेड्याच्या शिंगांसारखी दोन्ही टोकं वर उचललेलं छप्पर, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती, अंगणात वाळत घातलेल्या दालचिनीच्या साली. आपल्या आईच्या हाताला दालचिनीचाच वास येतो, असं ती सांगायची. आईला ती ‘अमाक’ म्हणे.

त्यांच्या रीतीत घर आईकडून मुलीला जातं. मुलगे पोटापाण्यासाठी गाव सोडतात, लग्न झालं की बायकोच्या घरी राहतात. मुली घर राखतात. युसनी अमाकची एकुलती एक मुलगी, आणि गाव सोडलं तेही तिनेच.

पावसाळ्यात तिथे डोंगर खचला. शेताच्या पायऱ्या घरावर आल्या. अमाक सापडली नाही. तन्वीर तेव्हा अमेरिकेत कामावर, त्यामुळे ती बातमी सासू-सुनेनेच मिळून ऐकली. शोध थांबला तसा भावाचा फोन आला, “जनाज्याची नमाज पढून घेऊ?” घराच्या लेकीने हो म्हटल्याशिवाय गाव पुढे जाणार नव्हतं. युसनी हो म्हणेना. तेवढ्यात कुणीतरी बाबांचा पत्ता दिला.

पहिल्या वेळेला ती एकटीच आली होती. पर्समध्ये घडी घालून ठेवलेला अमाकचा फोटो तिने आधीच देऊन ठेवला होता. परातीत तिला शिंगांचं छप्पर दिसलं, त्याच्यापुढे उभी असलेली अमाक दिसली. बाबा म्हणाले, “आई सुखरूप आहे. तुझ्या भावाच्या घरी आहे. सुना सेवा करतायत.”

“भावाच्या घरी?” घरी आल्यावर रझियाबाईंनी विचारलं. “तुझ्या भावाला घर असतं कुठे?”

युसनी म्हणाली, “बाबांना आमच्या रीती कशा कळणार, अम्मी? पण चेहरा अमाकचाच होता.” आणि रात्री भावाला तिने सांगून टाकलं, “नमाज नको. अमाक जिवंत आहे.”

आज बाबांनी, युसनीच्या लग्नात अमाकने तिच्या हातात घातलेल्या सोन्याच्या बांगड्या घेऊन यायला सांगितलं होतं. त्या परातीत सोडल्या की सोन्याच्या ओढीने आई परत येणार होती.

दारावर पाटी होती : ‘आत उदबत्ती, धूप आणू नये.’ रझियाबाईंनी ती दोनदा वाचली. उदबत्तीला बंदी घालणारा बाबा अख्ख्या पेठांत हा एकच असावा. त्यांना सातवीचा वर्ग आठवला. खिडक्या बंद, एका भोकातून आलेला उजेड. “उजेडाची वाट दिसते का रे?” “नाही, बाई.” मग त्या उदबत्ती पेटवत आणि धुरात उजेडाची काठी उभी राही. मुलं टाळ्या वाजवत.

युसनीला रांगेत ठेवून त्या खाली उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून उदबत्तीचा पुडा, काडेपेटी घेऊन आल्या.

आत खोली काळ्या रंगाची. मधोमध परात. सात-आठ जणांना एकदम आत घेत.

“प्रश्न विचारू नका, माऊली,” बाबा सांगत होते. “प्रश्नांनी तरंग बिघडतात. ही वैश्विक ब्रॉडबँड आहे. एकदा कनेक्शन तुटलं की पुन्हा लागत नाही. पाण्याला कुणी हात लावायचा नाही.” त्यांनी परातीत पळीभर दूध सोडलं. पाणी पांढुरलं, दिवा मालवला, आणि पाण्यावर अमाक आली. डोक्यावर ओढणी, खांद्यावर तिचा पांढरा काठ, गालांवर सुरकुत्या. पाणी हलत होतं, म्हणून ती हसल्यासारखी वाटत होती.

रझियाबाईंचा हात पर्समधल्या पुड्यावर होता. काडी ओढायची, एवढंच. पण त्यांनी सुनेकडे पाहिलं. दरड कोसळल्यापासून तो चेहरा असा उजळलेला त्यांनी पाहिला नव्हता. हात पर्समध्येच राहिला.

“बांगड्या सोड,” बाबा म्हणाले.

युसनीने बांगड्या सोडल्या नाहीत. तिच्या गावात मोठं माणूस समोर आलं की आधी त्याचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात. लहानपणापासूनची सवय. आई समोर आली होती. ती वाकली, दोन्ही हात पुढे केले.

“स्पर्श नको!” बाबा ओरडले.

हात परातीवर पोचले आणि अमाक पाण्यातून नाहीशी झाली. ती युसनीच्या पालथ्या हातांवर होती. डोळे बोटांवर, हनुवटी मनगटावर. आणि खांद्यावरून आडवी गेलेली ती पांढरी रेघ, जिला युसनी ओढणीचा काठ समजली होती. ती फोटोची घडी होती.

युसनीने हात मागे घेतले नाहीत. तिने ते सावकाश उलटे केले आणि ओंजळीतल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

तेव्हा रझियाबाईंनी काडी ओढली. उदबत्तीचा धूर वर चढला आणि छतापासून परातीपर्यंत उजेडाची तिरपी काठी उभी राहिली.

“वर बघा,” त्या म्हणाल्या. “भोक आहे.”

आत आलेल्यांतला एक ओळखपत्रवाला पोरगा, चेतन, स्टुलावर चढला. त्याने छताची फळी सरकवली. “अरे, हा तर प्रोजेक्टर! आमच्या ट्रेनिंग रूममध्ये सेम असाच आहे!”

“साध्या पाण्यातून उजेड आरपार जातो,” रझियाबाई म्हणाल्या. “दूध घातलं की पाण्याचा पडदा होतो. फोटो तुमचाच. छप्पर इंटरनेटवरचं.”

“यंत्र हे केवळ माध्यम आहे,” बाबा घाईने म्हणाले. “शक्ती आमची!”

“मग वायर काढून दाखवा की,” रझियाबाई म्हणाल्या.

चेतनने वायर ओढली. परातीत नुसतं पांढुरकं पाणी उरलं.

“म्हंजी माझा मालक?” मुक्ताईने विचारलं. “सुरतेला न्हाई?”

“ते कुठे आहेत हे इथे कुणालाच ठाऊक नाही, मुक्ताई,” रझियाबाई म्हणाल्या. “पोलिसांत तक्रार केलीय का?”

मुक्ताईने नकारार्थी मान हलवली. “बाबा म्हनले, गरज न्हाई.”

“उद्या करू. मी येते.”

उतरताना चेतन रांगेतल्या प्रत्येकाला प्रोजेक्टरचं सांगत होता. काही जण हसून निघून गेले. काही जण ऐकूनही तिथेच उभे राहिले.

घरी येऊन युसनीने फोन लावला. तिची भाषा रझियाबाईंना येत नव्हती. ‘अमाक’ एवढाच शब्द त्यांना कळत होता, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. पलीकडे भाऊ रडत असावा. युसनी रडली नाही. तिने एक लहानसं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवला.

“उद्या नमाज आहे,” ती म्हणाली. तिने बांगड्या हातात घातल्या. मग तिने विचारलं, “अम्मी, उदबत्ती तुमच्या पर्समध्ये आधीपासून होती?”

“होती.”

“मग?”

“तू आईकडे बघत होतीस.”

युसनीने सासूचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला.

“पुढच्या वेळी लगेच लावा,” ती म्हणाली. “परातीत कुणाचीही आई असू दे. लगेच लावा.”