गिधाडमित्र

पारशिवनीकडच्या त्या गावात हेमराजएवढा गिधाडांचा कैवारी दुसरा नव्हता. गोठ्यावर गोबरगॅस, दूध नागपूरला जायचं ते स्टीलच्या कॅनमधून, आणि फाटकावर ठळक पाटी: 'गिधाडमित्र गोठा'. गावानं ठरावच केला होता. दुखणं थांबवणारं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन जनावराला टोचायचं नाही, कारण तसलं मढं खाल्लं की गिधाडं मरतात. टोचलंच तर ते मढं सहा फूट खोल पुरायचं. आणि बिनऔषधाचं जनावर मेलं तर ते टेकडीवर उघड्यावर ठेवायचं, म्हणजे जंगलातली गिधाडं उतरतील. ठरावावर पहिली सही हेमराजची. सही करायला काय लागतं म्हणा!

त्याची म्हैस जांभळी सोमवारी बसली ती उठेना. डॉक्टरांनी गिधाडांना न बाधणारं औषध दिलं आणि धीर धरायला सांगितलं. धीरच तर हेमराजकडे नव्हता. दोन दिवस तिचं कण्हणं ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी बायको अंजू दुधाचे कॅन पोचवायला गेलेली पाहून त्यानं स्वतःच्या कंबरेसाठी आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या पाच कुप्या फोडून तिला टोचल्या. काचा उकिरड्यात पुरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळी गेली.

अंजूनं रडत रडत तिला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. धोंडबा आला होता, खांद्यावर दोर घेऊन.

"मले आताच समजलं गा हेमराज. चाल, टेकडीवर नेऊ. तुयी जांभळी गिधाडाच्या कामी येते, याच्यापेक्षा चांगलं काय?"

हेमराजला वाटलं, धरणी दुभंगावी. गेल्या वर्षी याच धोंडबानं आपल्या तडफडणाऱ्या बैलाला तेच इंजेक्शन दिलं होतं, आणि हेमराजनं त्याला भर ग्रामसभेत उभं करून 'गिधाडांचा खाटीक' म्हटलं होतं. लोक खो खो हसले होते. मग धोंडबा एकटाच बैलाचा खड्डा खणत बसला. मदतीला कोणी गेलं नाही. हेमराज गेला होता, पण टेप घेऊन, खड्डा सहा फूट भरतो की नाही ते मोजायला.

आता सांगावं, असं त्याला फाटकाशी वाटलं. वाटेत नाल्याशीही वाटलं. पण मागून दहा-बारा माणसं चालत होती, आणि शेजारच्या यमुताई सगळ्यांना सांगत होत्या, "हेमराजसारखं मन पायजे बाप्पा!" तो नुसता ट्रॅक्टरमागं चालत राहिला.

टेकडीवर अर्जुनाच्या झाडावर नऊ गिधाडं बसली होती. हेमराजनं मोजली. हिवाळ्यात पाच होती. धोंडबा जांभळीच्या पायाचा दोर सोडायला वाकला.

"थांब," हेमराज म्हणाला. "थांब गा धोंडबा. इथं नको ठेवू. म्या तिले डायक्लोफिनॅक देलं. काल. पाच कुप्या."

यमुताईंनी पदर तोंडाला लावला. अंजू त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं. धोंडबा आता काय म्हणेल ते त्याला पाठ होतं. ते शब्द त्याचेच तर होते.

धोंडबानं मात्र दोर पुन्हा आवळला, ट्रॅक्टर वळवला आणि जांभळीला हेमराजच्या पडीक वावरात आणून उतरवलं. बाकीची माणसं वाटेतच एकेक करून पांगली. हेमराजनं पाटीकडे न बघता घरातून फावडं आणलं. बघतो तर धोंडबा सदरा काढून कुदळ घेऊन उभा.

"तू काहून?" हेमराजनं खाली मान घालून विचारलं. "म्या तुले त्या दिवशी..."

"एकट्यानं सहा फूट खंदलं का हाताचं काय होते, ते मले माहीत हाय," धोंडबा म्हणाला, आणि त्यानं पहिला घाव घातला.