‘ज्ञ’ शेवटी

दादाने आपल्या आत्मचरित्राच्या सूचीची प्रुफं बहिणीच्या पुढ्यात टाकली आणि मधल्याच एका रकान्यावर बोट आपटलं.

“‘ज्ञानसाधना’ इथे ‘ज’मध्ये कशी? क्ष, ज्ञ शेवटी येतात. शाळेत शिकलीस ना?”

“ज्ञ म्हणजे ज आणि ञ. तो ‘ज’मध्येच जातो.”

“ते तुम्हा सूचीवाल्यांचं खूळ. माझं पुस्तक ज्ञानावर संपलं पाहिजे.”

तिने चष्मा काढून पदराने पुसला. पुस्तकांच्या मागच्या सूच्या करण्यात तिची हयात गेली होती आणि लेखक नावाच्या प्राण्याबद्दल तिला काडीचाही आदर उरला नव्हता. चारशे पानं स्वतःबद्दल लिहायची, पण ती एकदा सलग वाचायची म्हटलं की यांच्या अंगावर काटा. सूची हातात आली की आधी स्वतःचं नाव शोधायचं, मग वैऱ्याचं, आणि वैऱ्यापुढे आकडे जास्त दिसले की तोंड पाडून बसायचं. तिला हे काम शिकवणारे म्हातारे सूचीकार तर भलतेच खट. एका पुढाऱ्याच्या आत्मचरित्रात त्यांनी ‘नम्रता’ अशी नोंद केली आणि पुढे पानाचा आकडाच दिला नाही. पुढाऱ्याने फोन करून त्यांचे आभार मानले. ही गोष्ट आठवली की तिला अजून हसू येई, पण असला चावटपणा तिने स्वतः कधी केला नाही. पुस्तकात नाही ते सूचीत घ्यायचं नाही आणि पुस्तकात आहे ते सोडायचं नाही, एवढंच ती पाळत आली होती.

दादाच्या पुस्तकात आईचं शेवटचं आजारपण होतं. ‘रात्र रात्र मी तिच्या उशाशी बसून काढली,’ असं त्याने बिनदिक्कत लिहिलं होतं. आईला कुशीवर वळवणारे, भरवणारे, तिच्या चादरी धुणारे हात हिचे. पुस्तकात ती एकदाच आली होती : ‘धाकटी बहीणही अधूनमधून येऊन जाई.’ ते वाचलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“दादा, ते ‘अधूनमधून’ तेवढं काढ.”

“आता कुठे पानं हलवायची? आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टींत लोकांना काय रस असणार?”

मग तिने पेन्सिल उचलली.

“बरं. ज्ञ शेवटी घेते.”

“अशी ऐकत जा जरा,” दादा खूश होऊन म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ती सुधारलेली प्रुफं घेऊन दादाच्या घरी गेली. वहिनीने चहाचे कप ठेवले आणि सवयीप्रमाणे गठ्ठा मागून उघडला. कुठलंही पुस्तक ती मागूनच उघडायची.

“‘ज्ञानसाधना, लेखकाची, परदेशी विद्यापीठांत सलग दोन वर्षे : पाने ८१ ते ९६’,” तिने शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

दादाने समाधानाने मान डोलावली.

वहिनी सूचीची पानं मागे उलटत पहिल्या रकान्याशी आली आणि तिथेच थांबली. या वेळी तिने मोठ्याने वाचलं नाही. ‘आई : अखेरची दोन वर्षे, लेखकाने अहोरात्र केलेली शुश्रूषा : पाने ८१ ते ९६.’ तिने पुन्हा शेवटची ओळ पाहिली, पुन्हा पहिला रकाना पाहिला. सासूबाईंची ती अखेरची दोन्ही वर्षं ती स्वतः दादाबरोबर परदेशातच होती.

“काय गं, चुकलंय काही?” दादाने विचारलं.

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. नणंद शांतपणे चहा पीत होती.

“नाही,” वहिनी म्हणाली. “अगदी बरोबर आहे. जाऊ दे छापायला.”

दादाने पेन उघडलं आणि न वाचताच सही ठोकली.