दहा तट्ट्यांचं गवत

नदीकाठचं कुरण तुम्ही ढापलंत, साहेब, आणि पुरावा म्हणून एका बाईची बढाई पुढे केलीत.

ती बाई बालशेकेर, तुमच्या झारच्या राज्यातल्या गवताळ माळावरची मेंढपाळीण. गेल्या उन्हाळ्यात तुमचा मोजणी कारकून दुभाष्याला घेऊन तिच्या तंबूत शिरला. तिने जपून ठेवलेला चहा काढला, शेवटचा साखरेचा खडा फोडला. कारकुनाने विचारलं, मेंढरांखेरीज घरात काय येतं? खरं तर नवरा येसिरकेप उंटावरून मीठ वाहायचा, आणि ती हिवाळाभर बोटं सोलून तंबूच्या भिंतीला लावायची एक तट्टी विणायची; नदीकाठच्या चीय गवताची, काडीकाडीला रंगीत लोकर गुंडाळून. पण पाहुण्यापुढे दारिद्र्य कोण उघडं करतं? म्हणाली, वर्षाला दहा होतात, बाजारात हातोहात जातात. कारकुनाने खाली मान घालून लिहून घेतलं.

या वसंतात कागद आला. हे घर विणकामावर चालतं, याला एवढी जमीन नको. कुरण जादा ठरलं, रशियातून वसायला येणाऱ्या शेतकऱ्यांना गेलं.

हिवाळी तळावर गवताचं पातं उरलं नव्हतं. मेंढ्या नदीकडे तोंड करून दिवसभर ओरडत. बालशेकेरने दोनदा तंबू उतरवला, दोनदा परत उभारला. जायचं कुठे? नवरा मिठाची पोती बांधत राहिला. सासू मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "हात एक विणतो, जीभ दहा विणते तुझी, सूनबाई."

तिसऱ्या दिवशी तिने यंदाची तट्टी उंटावर टाकली आणि एकटी कचेरीवर गेली. दुभाषा दारातच आडवा आला. "वहिनी, बाहेर बसा. साहेब जेवतायत."

ती बसली नाही. तिने तट्टी उंबऱ्यावरून थेट मेजापर्यंत उलगडली. अख्ख्या हिवाळ्याची ही एवढीच, बाकीच्या नऊ मी लाजेपायी सांगितल्या, आता खोडा, म्हणाली.

दुभाष्याने तुमचं ऐकून सांगितलं, एकदा लिहिलं ते खोडता येत नाही.

"बरं, नका खोडू. भाऊजी, एवढंच विचारा त्यांना. मी दहा विणते म्हणता ना? मग दहा तट्ट्यांचं गवत मी आणते कुठून? त्याच कुरणातून. ते जादा कसं झालं? मी इथून हलत नाही. उत्तर द्या."