नदीकाठच्या माश्या आणि माझ्यावरचा चरा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, पितळी कड्यातले. माशीच्या पायावरचा केसही माझ्यातून मोजावा, इतके नितळ मला घडवणाऱ्याने घासले होते. गर्व म्हणा हवे तर, पण खोटे नाही.

माझा जन्म गेला आत्याबाईंच्या गळ्यात. नदीकाठच्या कीटक-केंद्रात त्या माश्या ओळखायच्या. शिक्षण जेमतेम चौथी, पण शिकलेसवरलेले लोक डब्या घेऊन त्यांच्याच टेबलाशी यायचे. "डोळ्यांच्या मध्ये खाच, तोंडावर दाढी, म्हणजे शिकारी माशी. डास-चिलटं उडता उडता धरते. आपल्या रक्ताला तोंड लावत नाही," असे त्या ठणकावून सांगायच्या.

एकदा मी वाळूत पडले. बाई आधीच कुणावर तरी चिडलेल्या. कोरड्या फडक्याने मला खसाखसा पुसले. चरा उमटला, पुढे त्यात मळ बसला. कुणी विचारलेच तर म्हणायच्या, "पहिल्यापासूनच आहे तो." चूक कबूल करणे त्यांच्या रक्तातच नव्हते.

मग एका सकाळी आरोग्य खात्याचे साहेब आले. काठावर लोकांना काहीतरी चावत होते. डबीतली मेलेली माशी त्यांनी माझ्यातून पाहिली.

"पंखावर काळा पट्टा! ही चावरी गोमाशी. दुपारी अख्ख्या काठावर फवारणी करतो."

"साहेब, पंख काय बघता? तोंड बघा, तोंड!"

"बाई, पट्टा ढळढळीत दिसतोय."

मी शरमेने अर्धे झाले. तो माझाच चरा होता! फवारणी झाली की शिकारी माश्या मरणार, आणि डासांना रान मोकळे. मला वाचा असती तर ओरडले असते.

आत्याबाईंनी वाकून माझ्यातून पाहिले. मग म्हणाल्या, "भिंग हलवू नका. नुसती डबी फिरवा."

साहेबांनी फिरवली. माशी फिरली. पट्टा जागच्या जागी.

"तो चरा भिंगाचा आहे. वाळू न धुता मीच घासलं. चूक माझी."

"आणि ही दाढी?"

"ती मात्र माशीचीच हो."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी फवारणीचा कागद घडी करून खिशात घातला. "आता चावणारी कोण ते शोधू," म्हणाले.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला आधी पाण्याखाली धरले, मग मऊ कापडाने हलकेच टिपले. मळ गेला, चरा राहिला.

आता आत्याबाई थकल्या. मी टेबलाच्या खणात असते. तुमच्यापैकी कुणी मला उचललेच, मित्रांनो, तर आधी वाळू धुवा, मग पुसा. आणि कुणाला चावरे ठरवण्याआधी डबी एकदा फिरवून बघा.