सक्तीच्या कोर्समधला सूक्ष्मदर्शक

मी एक जुना, पितळी मानेचा सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे. पण भिंगं विचाराल तर आजही लख्ख आहेत.

मला घडवणारा कारागीर भिंग घासताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये आलो तेव्हा माझं केवढं कौतुक! पुढे पडद्यावर चित्रं दाखवणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी कोपऱ्यातल्या टेबलावर झाली. काम एकच उरलं, पीएचडीच्या पहिल्या वर्षाचा सक्तीचा प्रात्यक्षिकांचा कोर्स. इथे पीएचडीला रसायनशास्त्रातली, कॉम्प्युटरमधली, सगळीकडची मुलं येत. आपल्या विषयाबाहेरचे दोन कोर्स पास झाल्याशिवाय कुणालाही पुढे जाता येत नसे; हा त्यातलाच एक.

एके वर्षी गणितातली एक मुलगी आली. एक नवं औषध निरोगी पेशींना किती झेपतं, याचं गणित ती मांडत होती. पेशींचे आकडे तिला मोजणीच्या यंत्राकडून आयते मिळत. तिने कोर्समधून सूट मागितली.

"मॅडम, मला पेशींचे आकडे पुरेत. त्या बघून काय करू?"

विभागप्रमुख मॅडमनी अर्ज तिच्या हातात परत ठेवला. "ज्यांचे आकडे मांडतेस, त्यांना एकदा भेट तर खरी."

ती तोंड पाडून माझ्यासमोर बसली आणि पहिल्याच दिवशी माझं भिंग खाली दाबून तिने काचपट्टी फोडली. माझ्या भिंगावर ओरखडा पडता पडता राहिला. लॅब सांभाळणारे मामा मात्र शांत होते. "आधी बाजूने बघत भिंग खाली आण, पोरी. मग डोळा लाव आणि हळूहळू वर घे."

महिन्याभरात तिचा हात बसला. परीक्षेसाठी तिने स्वतःच्या कामातल्याच पेशी आणल्या. मेलेली पेशी निळा रंग शोषून घेते, जिवंत पेशी घेत नाही. तिने मोजल्या, तर शंभरात एकेचाळीस निळ्या. यंत्र सांगत होतं, नऊ. आपलंच चुकलं असं समजून तिने पाच वेळा मोजलं, दर वेळी तेवढ्याच. मग तिच्या लक्षात आलं, यंत्र फिक्या निळ्या पेशींना जिवंत धरत होतं.

आठ महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती. पंधरा दिवसांत तिला हेच काम परिषदेत मांडायचं होतं, आणि ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने काचपट्टी माझ्या भिंगाखाली तशीच ठेवली. मग उठली आणि मॅडमना घेऊन आली.

"मी परिषदेतला शोधनिबंध मागे घेते. आकडे चूक आहेत."

मॅडम बसल्या, मोजत राहिल्या. "चाळीस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून एक सुटली वाटतं."

मामांनी टेबलावरचा मॅडमचा चष्मा पुढे केला.

तिची पीएचडी एक वर्ष लांबली. पण औषधाची पुढची चाचणी थांबली आणि मात्रा निम्म्याहून कमी करून ती नव्याने सुरू झाली. आज ती दुसऱ्या विद्यापीठात शिकवते.

मामा आता निवृत्त झाले आहेत. नवी मुलं कधी माझ्यावर खोळ घालायला विसरतात, कधी शर्टाच्या टोकाने भिंग पुसतात. मित्रांनो, त्याने ओरखडे पडतात. मऊ कापड घ्या. आणि 'हा माझा विषय नाही' म्हणून उठून जाण्याआधी पाच मिनिटं बसा. मान जरा कुरकुरते माझी, ते मनावर घेऊ नका. सोमवारी नवी तुकडी येते आहे. मी तयार आहे.